चष्म्यातली पावले आणि अंथरुणातला रुग्ण

१२ जून २०१४ रोजी ब्राझीलमधील साओ पावलो येथे फुटबॉल विश्वचषकाचे उद्घाटन झाले. त्या सोहळ्यात कंबरेखालचा भाग लुळा पडलेल्या एका तरुणाने यांत्रिक सांगाडा अंगावर चढवून चेंडूला पाय लावला. दूरचित्रवाणीवर ते दृश्य जेमतेम काही सेकंद दिसले आणि अनेकांच्या नजरेतून निसटलेही. त्यामागचे मेंदूशास्त्रज्ञ मिगेल निकोलेलिस यांच्या गटाने ऑगस्ट २०१६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते मात्र त्या किकपेक्षा कितीतरी महत्त्वाचे होते.

मज्जारज्जूला इजा होऊन ३ ते १३ वर्षे उलटलेल्या आठ रुग्णांना या गटाने १२ महिने प्रशिक्षण दिले. रुग्णाच्या डोक्यावर मेंदूतील विद्युत लहरी टिपणारी टोपी आणि डोळ्यांवर आभासी वास्तवाचा, म्हणजे ‘व्हीआर’चा चष्मा. चष्म्यात त्याला स्वतःच्या जागी एक आकृती दिसे. ‘पाऊल टाकायचे’ असा विचार त्याने केला, की ती आकृती पाऊल टाकी आणि पाय जमिनीला टेकताच रुग्णाच्या हातावर बांधलेल्या पट्टीतून हलकी थरथर जाणवे. जोडीला यंत्राच्या आधाराने प्रत्यक्ष चालण्याचा सराव होताच. वर्षभराने इजेच्या खालच्या भागात संवेदना परतल्याचे, काही स्नायू इच्छेने हलू लागल्याचे आढळले. आठपैकी चौघांच्या इजेची नोंद ‘पूर्ण’ऐवजी ‘अपूर्ण’ अशी बदलावी लागली.

इतक्या वर्षांनी असे कसे घडले? तपासणीत इजा ‘पूर्ण’ ठरली, तरी मज्जारज्जूतला प्रत्येक धागा तुटलेला असतोच असे नाही. काही तंतू शाबूत असतात, पण वापरात नसतात. इकडे मेंदूही आपल्या नकाशात पायांची जागा हळूहळू आक्रसून घेतो. हालचालीचा विचार, ती हालचाल डोळ्यांना दिसणे आणि तिचा स्पर्श कळणे हे तिन्ही एकाच क्षणी, हजारो वेळा घडले, तर हा बंद पडलेला मार्ग थोडाफार पुन्हा जागा होऊ शकतो, असे संशोधकांचे म्हणणे आहे.

मात्र इथेच थोडे थांबायला हवे. त्या आठांपैकी कुणीही आधाराशिवाय चालू लागले नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. शिवाय चष्मा, टोपी, यंत्र आणि वर्षभराची कसून फिजिओथेरपी हे सगळे एकत्र दिल्यामुळे त्यातले नेमके श्रेय कुणाचे, हे सांगता येत नाही. पक्षाघाताच्या रुग्णांमध्ये अभ्यास बरेच जास्त झाले आहेत. तिथे २०१७ च्या कॉक्रेन आढाव्याने ७२ चाचण्या तपासून सांगितले, की हाताच्या कार्यक्षमतेसाठी व्हीआर हे नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरत नाही. त्यांच्या जोडीला दिल्यास उपयोग होऊ शकतो. २०२५ मधील सुधारित आढाव्यात चित्र किंचित उजळले, पण किंचितच. मज्जारज्जूच्या इजेबाबत तर बहुतेक अभ्यास मूठभर रुग्णांवर झालेले आहेत. बसल्या जागी तोल सांभाळणे, अपूर्ण इजेत हाताची पकड सुधारणे यांत फायद्याच्या खुणा दिसतात. एकच हालचाल दिवसातून शंभरदा करण्याचा कंटाळा खेळामुळे कमी होतो, ही गोष्ट तर कोणताही फिजिओथेरपिस्ट मान्य करील.

आमच्या मते या तंत्राची खरी उपयुक्तता वेगळ्याच ठिकाणी असू शकते, आणि ती म्हणजे वेदना. ज्या पायांना चिमटा काढला तरी कळत नाही, तेच पाय रात्रभर जळतात, त्यांत सुया टोचतात, असे हे रुग्ण सांगतात. घरच्यांना ते खरे वाटत नाही. पण ही मज्जातंतूंची वेदना मज्जारज्जूच्या इजेनंतर जवळपास निम्म्या रुग्णांना होते आणि गोळ्या तिला बऱ्याचदा पुरत नाहीत. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधक लॉरिमर मोसली यांनी एक अगदी साधी युक्ती केली. वरच्या अर्ध्या भागात रुग्णाचे आरशातले प्रतिबिंब आणि खालच्या अर्ध्या भागात दुसऱ्याच कुणाच्या चालत्या पायांची चित्रफीत. बघणाऱ्याला वाटावे, आपणच चालतो आहोत. पाच रुग्णांवरील या प्रयोगात वेदना कमी झाल्या. २०१० मध्ये बार्सिलोनातील गटाने ३९ रुग्णांवर हाच आभास आणि मेंदूला बाहेरून दिलेला सौम्य विद्युतप्रवाह यांची जोड वापरून पाहिली. दोन्ही एकत्र दिलेल्यांना सर्वाधिक आराम पडला. आज हेच काम चष्मा अधिक सफाईने करू शकतो. चालता येईल न येईल, पण रात्रीची झोप मिळाली तरी रुग्णाच्या दृष्टीने ती मोठी गोष्ट आहे.

आता आपल्याकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दीड कोटीहून अधिक माणसे मज्जारज्जूची इजा घेऊन जगत आहेत. आपल्याकडे हा रुग्ण बहुधा कर्ता तरुण असतो. दुचाकीवरून पडलेला, बांधकामाच्या परातीवरून कोसळलेला, कोकणात असेल तर आंब्याच्या किंवा माडाच्या झाडावरून खाली आलेला. शस्त्रक्रिया होते, मणक्यात सळ्या बसतात, टाके निघतात आणि त्याला घरी पाठवले जाते. खरा आजार तिथून सुरू होतो. आयुष्मान भारतसारख्या योजना रुग्णालयात दाखल असतानाचा खर्च उचलतात; बाह्यरुग्ण म्हणून पुढे महिनोन्महिने घ्यायची फिजिओथेरपी त्यांत बसत नाही. लघवीच्या नळ्या, गादी, चाकाची खुर्ची यांची जमवाजमव घरच्यांनी करायची.

या रुग्णांचे आयुष्य कशाने वाढले, हे इतिहासात स्पष्ट आहे. १९४४ मध्ये लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमधील स्टोक मँडविल येथे अशा सैनिकांचा विभाग सुरू केला, तेव्हा बहुतेक रुग्ण शय्याव्रण आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने दगावत. गुटमन यांनी दर दोन तासांनी कूस बदलायला लावली, मूत्राशयाची निगा शिकवली आणि मग खेळायला मैदानावर उतरवले. तेथील स्पर्धांतूनच पुढे पॅरालिम्पिक आले. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, उपचाराचा भाग म्हणून पोहू लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे सुवर्णपदक घेऊन आले. खडकीला सैनिकांसाठी १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. माडावरून पडलेल्या गड्यासाठी तालुक्याला काय आहे?

म्हणून एखाद्या चकचकीत केंद्राने ‘व्हीआरने पुन्हा चाला’ असे सांगत पॅकेज पुढे केले, तर जमीन विकण्याआधी नातेवाइकांनी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. आमच्या रुग्णाची इजा पूर्ण की अपूर्ण? नेमके काय सुधारेल, किती आठवड्यांत, आणि ते मोजणार कसे? सुधारणा दिसली नाही तर कधी थांबायचे? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२१ मध्ये एका व्हीआर उपचाराला मान्यता दिली ती जुनाट कंबरदुखीसाठी; तो कागद दाखवून कुणी मज्जारज्जूच्या रुग्णाला गळाला लावू नये.

धोक्यांबद्दलही बोलायला हवे. चष्म्याने काहींना मळमळते, डोके दुखते. पण ज्याची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर आहे, त्याचे डोके अचानक ठणकू लागले, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर दोष चष्म्याचा समजून स्वस्थ बसणे महागात पडेल. तुंबलेले मूत्राशय किंवा मुडपलेली नळी यांमुळे रक्तदाब झपाट्याने चढल्याची ती खूण असू शकते आणि ती तातडीची वेळ असते. खेळात रंगून तासभर एकाच जागी बसणेही वाईट. दर १५ ते ३० मिनिटांनी बैठकीवरचा भार हलवायलाच हवा. (आणि एक किरकोळ वाटणारी गोष्ट: बहुतेक खेळांतले रस्ते युरोपातले आणि सूचना इंग्रजीत. साताऱ्याच्या शेतकऱ्याला आभासी बांधावरून चालवले, तर त्याचे मन त्यात अधिक रमेल.)

चष्म्याची किंमत आता काही दहा हजार रुपयांत आली आहे. रोबो सांगाड्याच्या मानाने ती काहीच नाही, त्यामुळे सरकारी रुग्णालयांनी हे तंत्र वापरून पाहायला हरकत नाही. हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेसारख्या ठिकाणी, तुलनेसाठी दुसरा गट ठेवून रीतसर चाचणी घ्यावी, आणि सुरुवात चालण्याऐवजी वेदनेपासून करावी. रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत. त्याच अंदाजपत्रकात प्रत्येक सहभागी रुग्णाच्या वर्षभराच्या नळ्या, गादी आणि घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचा प्रवासखर्च धरावा. निकाल हाती आला की तो प्रसिद्ध करावा, चष्म्याचा काहीच उपयोग झाला नाही असे निघाले तरीसुद्धा.