पोट दिसण्याआधीचे तीन महिने



दिवस गेले की तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचे नाही, अशी रीत आपल्या पुष्कळ घरांत अजून आहे. दृष्ट लागेल म्हणून असो, की गर्भ टिकतो की नाही या धास्तीने असो, बाई गप्प राहते. आणि पूर्वीसारखीच चार घरची धुणीभांडी करते, बिगारी कामाला नाक्यावर उभी राहते, नळावरून कळशा वाहते. शेजारपाजाऱ्यांपासून लपवलेत तर आमची हरकत नाही. पण आशाताईपासून, दवाखान्यातल्या सिस्टरपासून लपवू नका. कारण बाळाच्या शरीराची मुख्य घडण याच न दिसणाऱ्या दिवसांत होते. चौथ्या महिन्यात नाव नोंदवायला जाल, तेव्हा ती होऊन गेलेली असते.

आधी दिवसांचा हिशेब समजून घ्या. डॉक्टर दिवस मोजतात ते पाळी चुकल्यापासून नव्हे, तर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. गर्भ राहतो तो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे पाळी चुकली असे लक्षात येते त्या दिवशीच चार आठवडे भरलेले असतात. पुरे दिवस ४० आठवड्यांचे, २८० दिवसांचे. ज्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहिता, त्याच्यावरच पाळीची तारीखही लिहीत जा. ‘भीमजयंतीच्या पुढेमागे आली होती’ एवढ्यावर बाळंतपणाची तारीख नीट काढता येत नाही.

सहाव्या आठवड्यात गर्भ मसुराच्या दाण्याएवढा असतो आणि त्याचे हृदय धडधडू लागलेले असते. त्याच सुमारास त्याच्या पाठीवरची एक पन्हळ मिटून तिची नळी होते. या नळीतूनच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात. ती नीट मिटली नाही तर बाळाच्या पाठीच्या मणक्यात फट राहते, किंवा कवटी आणि मेंदू अपुरे राहतात. हा धोका पुष्कळ कमी करणारी गोळी म्हणजे फॉलिक अ‍ॅसिडची. रोज ४०० मायक्रोग्रॅम, बारा आठवडे पुरे होईपर्यंत. खरे तर मूल हवे असे ठरवले त्या दिवसापासूनच ती सुरू करावी, कारण नळी मिटते तेव्हा कित्येक बायांना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. लोहाची लाल गोळी वेगळी. ती चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस. या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. मेथी, चवळीची पालेभाजी, हरभरे, शेंगदाणे, अंडी, परवडेल ते ताटात असावेच. जेवणावर लगेच चहा मात्र नको, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही.

आठव्या आठवड्यात बाळ घेवड्याच्या दाण्याएवढे होते, हातापायांना बोटे फुटू लागतात. बाराव्या आठवड्यात ते लिंबाएवढे, पाचसहा सेंटिमीटरचे. आत हातपाय हलवते, पण आईला ते जाणवत नाही. पहिलटकरणीला हालचाल कळते ती साडेचार-पाच महिन्यांनी. मुलगा की मुलगी, हे तर गर्भ राहतानाच ठरून गेलेले असते, आणि ते ठरते बापाच्या बीजावर. सुनेला बोल लावणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे. सोनोग्राफीत लिंग विचारणे आणि सांगणे, दोन्ही १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

आता आईचे. साधारण सहाव्या आठवड्यापासून मळमळ सुरू होते. कुणाला सकाळी, कुणाला दिवसभर. फोडणीचा वास आला तरी नको होते. उठण्याआधी अंथरुणातच कोरडे चुरमुरे किंवा भाकरीचा तुकडा चावावा, दिवसभर थोडे थोडे खावे. चौथ्या महिन्यात बहुतेकींना आराम पडतो. छाती दुखरी होते, लघवीला वारंवार जावे लागते, पोट साफ होत नाही. आणि थकवा येतो. ‘दोन महिने नाही झाले तर लोळायला लागली’ असे घरातच बोलले जाते. पण तिच्या अंगात वार तयार होत असते, रक्त वाढत असते, हृदयाला जास्त काम पडत असते. हा आळस नव्हे.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाचा भत्ता देण्याच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आईला विश्रांती मिळणे हे देशाच्याच हिताचे आहे, अशी त्यांची मांडणी होती. कायदा १९२९ साली झाला. पण धुणीभांडी करणारीला रजा देणार कोण? तिची विश्रांती घरातूनच निघाली पाहिजे. कळशी नवऱ्याने उचलावी. त्यात कसला कमीपणा?

मिश्रीबद्दल स्पष्टच लिहिते. मळमळ थांबते म्हणून या दिवसांत ती जास्त लावणाऱ्या बाया आहेत. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातले विष हिरडीतून रक्तात जाते आणि वारेतून बाळापर्यंत पोचते. बाळ कमी वजनाचे होते. एकदम सुटत नसेल तर आशाताईला सांगा, पण सोडा. नवऱ्याची बिडीही घराबाहेर.

पाळी चुकली की मेडिकलवाल्याकडून ‘पाळी आणायची गोळी’ घेऊ नका. आधी सकाळच्या लघवीची तपासणी करून घ्या. मूल नको असेल तर गर्भपात १९७१ च्या कायद्याने कायदेशीर आहे, त्यासाठी सरकारी रुग्णालयात जावे.

दिवस गेल्याचे कळल्यावरही शंभरातले दहा ते वीस गर्भ टिकत नाहीत, आणि ते बहुतेक याच तीन महिन्यांत जातात. पुष्कळदा बीजाच्या जुळणीतच दोष असतो. तरी जिना चढली, पिकली पपई खाल्ली, मयताला गेली म्हणून बाईलाच दोष दिला जातो. ती आधीच रडत असते, तिला आणखी बोलू नका.

अंगावरून रक्त गेले, पोटात घाण्यासारखे पाणीही ठरेना, लघवी गडद आणि कमी झाली, ताप चढला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाळी चुकलेली असून ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ आली, घेरी आली, तर गर्भ पिशवीऐवजी नळीत रुजलेला असू शकतो. नळी फुटली तर आत रक्तस्राव होऊन जीव जातो. अशा वेळी रात्र असली तरी थांबू नका. १०८ ला फोन लावा, रुग्णवाहिका फुकट आहे.