स्वस्त बॅटरी वाईट नाही, बेहिशोबी बॅटरी वाईट



फोटोग्राफीचा व्यवसाय करणाऱ्या भावा-बहिणींकडून एक प्रश्न सारखा येतो. "सर, मिररलेस घेतलाय. एक बॅटरी पुरत नाही. ओरिजिनलच घेऊ की थर्ड पार्टी चालेल?"

माझं मत आधीच सांगून टाकतो. चालेल. पण कुठली बॅटरी कुठल्या कामाला लावायची, हे ठरवल्याशिवाय चालणार नाही. बरेच जण नेमकं हेच ठरवत नाहीत. बॅगेत पाच बॅटऱ्या एकत्र टाकायच्या आणि हाताला येईल ती कॅमेऱ्यात घालायची. याला बचत म्हणत नाहीत, याला जुगार म्हणतात.

मुळात हा प्रश्न आला कुठून? जुन्या डीएसएलआरमध्ये आपण आरशातून थेट बघायचो, त्याला फारशी वीज लागत नव्हती. मिररलेसमध्ये सेन्सर आणि स्क्रीन सतत चालू असतात. तुम्ही फोटो काढा नाहीतर नुसते बघत उभे राहा, बॅटरी खाली येतच असते. आकड्यात बघा. निकॉन डी७५० या डीएसएलआरला 'सीपा'च्या मानक चाचणीत एका चार्जला १२३० फोटो मिळत. २०१३ साली आलेल्या सोनीच्या पहिल्या ए७ ला सुमारे ३४०. पुढे मोठी बॅटरी आली आणि ए७ थ्री सुमारे ७०० पर्यंत पोचला. पण आपल्याकडचं लग्न म्हणजे पहाटेच्या हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत. त्यात व्हिडिओही असतो. एका बॅटरीवर हे होत नाही, हे मान्यच करूया.

आता थर्ड पार्टी म्हणजे काहीतरी पाप, असं समजू नका. बाबूराव पेंटरांनी आपल्या कोल्हापुरात कॅमेराच स्वतः बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. कंपनीचा शिक्का नाही म्हणून त्यांचं काम अडलं नाही. पण त्यांना त्या यंत्राचा स्क्रू न् स्क्रू माहीत होता. आपण ज्या बॅटरीवर दुसऱ्याच्या घरचं लग्न सोपवतो, तिच्या पोटात काय आहे हे आपल्याला किती माहीत असतं?

साधं सांगतो. आजच्या बहुतेक मोठ्या मिररलेस बॅटऱ्यांमध्ये ३.६ व्होल्टचे लिथियम सेल एकामागे एक जोडून ७.२ व्होल्ट केलेले असतात. सोबत एक छोटं सर्किट असतं. जास्त चार्ज झालं, फार खाली गेलं किंवा शॉर्ट झालं, तर ते बॅटरी तोडतं. शिवाय किती टक्के उरलेत हे कॅमेऱ्याला सांगणारी चिप असते. चांगला थर्ड पार्टीवाला या तिन्ही गोष्टी नीट करतो. वाईटवाला तिन्हींत काटकसर करतो. मग स्क्रीनवर ४० टक्के दिसत असताना कॅमेरा अचानक बंद पडतो.

छापील आकड्यालाही भुलू नका. सोनीच्या एनपी-एफझेड१०० वर २२८० एमएएच लिहिलेलं असतं. तेवढ्याच डबीवर कोणी फार मोठा आकडा छापून निम्म्याहून कमी भावात देत असेल, तर तो एवढी वीज बसवतो कुठे, असं दुकानात विचारायला लाजू नका.

आणि ओरिजिनल म्हणजे देव, असंही नाही. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली पहिल्यांदा बाजारात आणली ती सोनीनेच. त्याच सोनीचे सेल असलेल्या सुमारे ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या डेलला २००६ साली परत मागवाव्या लागल्या होत्या. फरक एवढाच की तिथे परत मागवणारा कोणीतरी होता. तुम्ही जास्तीचे पैसे देता ते या जबाबदारीचे.

म्हणूनच थर्ड पार्टी आणि डुप्लिकेट यात गल्लत करू नका. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जीआय मिळालं. रेक्झिनची चप्पल 'अस्सल कोल्हापुरी' म्हणून कोणी विकली की आपलं डोकं फिरतं. पण दुसऱ्या कारागिराने स्वतःच्या नावाने चांगली चप्पल विकली, तर आपण त्याला नावं ठेवतो का? बॅटरीचंही तसंच आहे. स्वतःचं नाव, बिल आणि वॉरंटी देणारा थर्ड पार्टीवाला हा प्रामाणिक धंदेवाला. मोठ्या कंपनीचं स्टिकर चिकटवून अर्ध्या भावात देणारा चोर. त्याच्याकडून फुकटसुद्धा घेऊ नका. आपल्या देशात अशा बॅटऱ्यांना बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. बॅटरीवर आयएस १६०४६ आणि 'आर'ने सुरू होणारा नंबर शोधा. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो नंबर टाकून खात्री करता येते. दोन मिनिटांचं काम आहे.

आता हिशोब मांडू. समजा ओरिजिनल ६,५०० ला आणि बरी थर्ड पार्टी २,००० ला मिळते. फरक ४,५००. वर्षाला ३० ऑर्डर धरल्या आणि बॅटरी तीन वर्षं चालली, तर ९० ऑर्डर. म्हणजे एका ऑर्डरमागे ५० रुपये. असिस्टंटच्या चहा-वड्याचा खर्च यापेक्षा जास्त होतो! हे ५० रुपये वाचवायला तुम्ही काय पणाला लावताय, तेही बघा. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या आणि कॅमेरा बंद. भटजींना "परत एकदा सावधान म्हणा" असं सांगता येत नाही. त्या घरातून पुढच्या दहा वर्षांत येणारी बारशी, डोहाळजेवणं आणि धाकट्या भावाचं लग्न, सगळं त्या एका मिनिटात जातं.

"सर, पण आत्ताच कॅमेऱ्याचा हप्ता चालू आहे, ओरिजिनल परवडत नाही." मान्य. मग असं करा. कॅमेऱ्यासोबत आलेली ओरिजिनल बॅटरी मुहूर्तासाठी राखून ठेवा. हळद, मेंदी, डेकोरेशन, पंगत, रंकाळ्यावरचं प्री-वेडिंग, हे सगळं तपासलेल्या थर्ड पार्टीवर चालू द्या. तिथे बॅटरी गेली तर दोन मिनिटं थांबता येतं. जिथे थांबता येत नाही, तिथे काटकसर नको.

रोजच्या कामासाठी पाच नियम सांगतो:

१. प्रत्येक बॅटरीवर नंबर आणि खरेदीची तारीख लिहा. नवीन आली की पूर्ण चार्ज करून घरीच, कॅमेरा बंद पडेपर्यंत व्हिडिओ चालवा. मिनिटं वहीत लिहा. त्याच सेटिंगवर ओरिजिनलची मिनिटं काढा आणि ताडून बघा. दर सहा महिन्यांनी हे परत करा.

२. टक्के बघून नाही, विधी बघून बॅटरी बदला. मंगलाष्टकांच्या आधी ६० टक्के दिसत असले तरी भरलेली ओरिजिनल घाला.

३. बॅटरी सपाट काचेवर ठेवून बघा. डुगडुगली तर ती फुगलीय. त्या क्षणी बाद करा, नाहीतर एक दिवस ती कॅमेऱ्यातच अडकून बसेल. ती घंटागाडीत टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

४. गादीवर, सोफ्यावर चार्जिंगला लावू नका. रात्रभर लावून झोपूही नका. सुट्या बॅटऱ्या टोपण लावून ठेवा. खिशात किल्ल्या आणि चिल्लरीसोबत नकोत. विमानाने ऑर्डरला निघालात तर सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या बॅगेत नाही.

५. कॅमेऱ्याचं फर्मवेअर अपडेट केलं की लगेच सगळ्या थर्ड पार्टी बॅटऱ्या घालून बघा. अपडेटनंतर कॅमेरा एखादी बॅटरी नाकारू शकतो. हे मंडपात कळण्यापेक्षा घरात कळलेलं बरं.

वॉरंटीची अटही वाचा. बाहेरच्या बॅटरीने नुकसान झालं, तर कॅमेरा कंपनी साधारणपणे हात वर करते. लाखाच्या कॅमेऱ्यात कुठली बॅटरी घालायची, हे त्या अटीसह ठरवा.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. बॅटरी ही एकदा घेऊन विसरायची वस्तू नाही, हॉटेलवाल्याच्या तेलासारखी ती संपणारी आहे. मग ती तुमच्या कोटेशनमध्ये का नाही? प्रत्येक ऑर्डरमागे १०० रुपये बॅटरीच्या नावाने बाजूला काढा. वर्षाच्या ३० ऑर्डरींचे ३,००० होतात, दोन सीझनमध्ये एक ओरिजिनल जवळजवळ सुटते, आणि खिशाला झळ लागत नाही. "परवडत नाही" असं आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा तो खर्च आपण दरात धरलेलाच नसतो.

तर आज रात्री बॅग उघडा, सगळ्या बॅटऱ्या टेबलावर मांडा आणि मार्कर घ्या. पहिला नंबर मुहूर्ताच्या बॅटरीला द्या.