विहीर त्यांची, मग रिपोर्टही त्यांचाच!

चीनमधले सरकारी आरोग्य अधिकारी परदेशात जाऊन हवा, पाणी, माती आणि माणसाचं आजारपण यांचा हिशोब मांडायला शिकायचे. आता ते दार दोन्ही बाजूंनी लोटलं जातंय. त्यांच्या वर्गात मदतनीस म्हणून काम केलेल्या चंद्रपूरच्या एका मुलीला काय वाटतं?

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली.

२०१८ चा उन्हाळा. मी अमेरिकेत आयोवा राज्यात एमपीएच करत होते आणि सुटीत चार पैसे मिळावेत म्हणून एका ट्रेनिंग कोर्सला असिस्टंट झाले होते. कोर्सला आले होते चीनमधले बारा आरोग्य अधिकारी. कोणी शहराच्या रोगनियंत्रण केंद्रातले, कोणी प्रांताच्या. बहुतेकांनी चाळिशी ओलांडलेली. आणि मी चोवीस वर्षांची. ते मला ‘लाओशी’ म्हणायचे, म्हणजे बाई, गुरुजी. मी त्यांना आपली ‘सर’, ‘मॅडम’ म्हणत होते. दोन्हीकडून अवघडलेपण.

त्या दिवशी मला पंप दाखवायचा होता. कमरेच्या पट्ट्याला लावायचा छोटासा पंप, त्याची नळी खांद्यावरून कॉलरपाशी आणायची, टोकाला फिल्टर. माणूस दिवसभर ज्या हवेत वावरतो, तीच हवा पंप ओढतो आणि धूळ फिल्टरवर बसते. मी मोठ्या झोकात सगळं जोडून दाखवलं. मागून एका मॅडमनी हळूच विचारलं, ‘‘लाओशी, कोरा फिल्टर?’’

गेलं! फील्डवर जाताना एक फिल्टर असा न्यायचा असतो, की ज्यातून हवा ओढायचीच नाही. तो फक्त बरोबर फिरून परत येतो. त्याच्यावरही धूळ सापडली तर समजायचं, की घोळ हवेत नाही, आपल्या हाताळण्यात आहे. हे मी विसरले होते आणि ‘शिकायला आलेल्या’ बाईंच्या लक्षात होतं. त्या असे पंप माझ्या शाळेच्या दिवसांपासून वापरत होत्या.

मग हे लोक शिकायला का आले होते? मशिनं त्यांच्याकडे होती, काही तर आमच्यापेक्षा नवी. मला याचं उत्तर कळायला तीन आठवडे लागले.

आधी एक शब्द. या विषयाचं नाव ‘एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ सर्व्हेलन्स’. मराठीत पाळत म्हणावं तर पोलीस आठवतात, सर्वेक्षण म्हणावं तर वही घेऊन दारात आलेले मास्तर. खरं तर गोष्ट साधी आहे. हवेत, पाण्यात, मातीत काय आहे हे सतत मोजायचं. माणसांच्या अंगात त्यातलं किती गेलं तेही मोजायचं. कोण कशाने आजारी पडतंय याची नोंद ठेवायची. आणि या तीन वह्या एकमेकींशेजारी ठेवून वाचायच्या. बहुतेक ठिकाणी वह्या असतात, पण तीन वेगळ्या ऑफिसांतल्या तीन वेगळ्या कपाटांत.

वह्या शेजारी ठेवल्या की काय होतं, याचं कोर्समधलं उदाहरण पेट्रोलमधल्या शिशाचं होतं. अमेरिकेत १९७६ ते १९८० दरम्यान देशभरातल्या लोकांचं रक्त तपासलं गेलं. या चार वर्षांत रक्तातलं शिसं सरासरी ३७ टक्क्यांनी घटलं होतं, आणि पेट्रोलमध्ये वापरल्या जाणाऱ्या शिशाचा आलेख शेजारी ठेवला तर दोन्ही रेषा जोडीने उतरत होत्या. ‘पेट्रोलमधल्या शिशाने तसा काही फरक पडत नाही’ म्हणणाऱ्यांचं तोंड बंद व्हायला हा आलेख पुढे फार उपयोगी पडला. अशी रक्त-लघवीची तपासणी तिथे १९९९ पासून होत आली आहे. २००१ पासून त्याचे राष्ट्रीय अहवाल निघायला लागले, आणि ज्याचं रक्त घेतलं त्याला त्याचा रिपोर्टही मिळतो.

हे शेवटचं वाक्य आमच्या पाहुण्यांनी दोनदा सांगायला लावलं.

मग आम्ही एका काउंटीत गेलो. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा म्हणा, जरा छोटा. आयोवा म्हणजे मका आणि सोयाबीन. शेतात खत पडतं, त्यातलं नायट्रेट झिरपून विहिरीत उतरतं. दुधाची पावडर असल्या पाण्यात कालवून तान्ह्या बाळाला दिली तर बाळ निळं पडू शकतं. हे जगाला पहिल्यांदा सांगितलं तेही आयोवातल्याच एका डॉक्टरने, १९४५ मध्ये. आज तिथे घरगुती विहिरीचं पाणी आरोग्य विभाग फुकट तपासून देतो. मर्यादा ठरलेली आहे, लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजन.

आरोग्य विभागातल्या बाई आम्हाला एका शेतकऱ्याच्या घरी घेऊन गेल्या. तपासणीचा कागद त्याच्या हातात दिला, आकडा समजावून सांगितला, बाळ असेल तर काय करायचं ते सांगितलं. दहा मिनिटांचं काम. बाहेर आल्यावर आमच्यातल्या एका सरांनी विचारलं, ‘‘हा कागद आधी तुमच्या वरिष्ठांकडे जात नाही?’’ बाईंना प्रश्नच कळेना. मी आपलं पुन्हा सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘विहीर त्यांची आहे ना!’’

परतीच्या बसमध्ये सर माझ्याशेजारी बसले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आमच्याकडे आकडा खराब आला तर पहिला प्रश्न असतो, हे कोणी मोजायला सांगितलं? मला हसू आलं, कारण हे वाक्य मी मराठीतही ऐकलेलं आहे.

असले कोर्स काय शिकवतात, हे मला त्या बसमध्ये कळलं. पंप यूट्यूबवरही शिकता येतो. आकडा ज्याचा आहे त्याच्या हातात देताना कोणी दचकत नाही, हे मात्र डोळ्यांनीच बघावं लागतं.

उगाच अमेरिकेची आरती ओवाळायची नाहीये. त्याच सरांनी दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, ‘‘तुम्ही इतकं मोजता, तर नायट्रेट कमी का होत नाही?’’ प्राध्यापक गप्प. डेस मॉइन या राजधानीच्या शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने वरच्या भागातल्या शेतांतून येणाऱ्या नायट्रेटविरुद्ध २०१५ मध्ये कोर्टात धाव घेतली होती. २०१७ मध्ये दावा फेटाळला गेला. शिकवणाऱ्यांचं घर असं होतं, आणि पाहुण्यांना ते बरोबर दिसलं.

आता मुद्द्यावर येते. चिनी अधिकाऱ्यांना कशाला शिकवायचं, असं म्हणणारे तेव्हाही होते, आता तर फारच झालेत. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. २००३ मध्ये सार्सची साथ चीनने सुरुवातीला दडवली. २००८ पासून बीजिंगमधली अमेरिकन वकिलात आपल्या छतावरच्या यंत्राचे पीएम २.५ चे आकडे दर तासाला जाहीर करायची. चीनच्या एका पर्यावरण उपमंत्र्यांनी जून २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की परदेशी वकिलातींनी हे बंद करावं. ज्यांना आकडे लपवायचेत त्यांना आकडे काढायला शिकवून काय फायदा, हा प्रश्न रास्त आहे.

पण पुढे काय झालं बघा. त्यानंतर सातच महिन्यांत, जानेवारी २०१३ पासून, चीनच्या ७४ शहरांनी पीएम २.५ चे आकडे स्वतःच जाहीर करायला सुरुवात केली. बीजिंगची वार्षिक सरासरी २०१३ मध्ये घनमीटरला ८९.५ मायक्रोग्रॅम होती, २०२४ मध्ये ती ३०.५ वर आली. हे काही ट्रेनिंग कोर्समुळे झालं नाही. लोक चिडले, धुरक्यात बाहेर पडवेना, सरकारला कारखाने आणि कोळसा आवरावा लागला. पण सरकारने एकदा ‘मोजा’ म्हटल्यावर मोजता येणारी, आकड्यावर विश्वास बसेल अशा पद्धतीने काम करणारी माणसं आतच असावी लागतात. ती एका रात्रीत तयार होत नाहीत. चीनने साथरोगतज्ज्ञ घडवण्याचा आपला फील्ड ट्रेनिंग कार्यक्रम २००१ मध्येच सुरू केला होता, अमेरिकेच्या १९५१ च्या कार्यक्रमाच्या धर्तीवर. आणि २०१७-१८ मध्ये चीनने ३१ प्रांतांतल्या जवळपास २२ हजार लोकांचं रक्त आणि लघवी तपासून माणसांच्या अंगात काय साचतंय याची राष्ट्रीय नोंद सुरू केली. ते शिशाचं उदाहरण आठवतंय ना? त्याच कुळातलं हे काम.

दुसरं म्हणजे, शिकवणारा देतो आणि शिकणारा घेतो, हे चित्रच खोटं आहे. युनान प्रांतात शुआनवेई नावाचा भाग आहे. तिथल्या बायका सिगारेट ओढत नव्हत्या, तरी फुप्फुसाच्या कॅन्सरने चीनमध्ये सर्वांत जास्त मरत होत्या. चिनी आणि अमेरिकन संशोधकांनी ऐंशीच्या दशकात मिळून शोध घेतला. कारण होतं घरात, बिनधुराड्याच्या चुलखड्ड्यात जाळला जाणारा धुरकट कोळसा. पुढे लोकांनी धुराड्याच्या चुली बसवल्या, आणि २१ हजारांहून जास्त शेतकऱ्यांच्या नोंदी तपासल्यावर २००२ मध्ये दिसलं, की कॅन्सरचा धोका पुरुषांत ४१ आणि बायकांत ४६ टक्क्यांनी घटला. चुलीच्या धुराबद्दल जग आज जे बोलतं, त्यात शुआनवेईचा मोठा वाटा आहे. गावोगावी नोंदी ठेवणारी स्थानिक माणसं नसती, तर अमेरिकन शास्त्रज्ञ तिथे जाऊन काय करणार होते? चहा पिऊन परत आले असते.

आपल्याकडे तर याची उलटी बाजूही घरातलीच आहे. सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले ते जखमींवर उपचार करायला, पण तिथे त्यांनी चिनी विद्यार्थ्यांना शिकवलंही. तेव्हा कोणी विचारलं नाही, की यात आपला काय फायदा.

आणि आता? चीनच्या रोगनियंत्रण केंद्रात बसून तिथल्या साथरोगतज्ज्ञांना शिकवणाऱ्या अमेरिकन डॉक्टरचं पद २०१९ मध्ये गेलं. कोरोना यायच्या काही महिने आधी! चीनने डेटा बाहेर जाण्यावर कडक नियम आणले. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने जगभरच्या आपल्या वकिलातींच्या यंत्रांचे हवेचे आकडे जाहीर करणं थांबवलं. त्यात मुंबई आणि दिल्लीही आली. ‘आकडा दाखवा’ म्हणून शिकवणाऱ्यानेच पाटी पुसून टाकली. आमच्या त्या सरांना आज हे कसं समजावून सांगणार?

मला वाटतं, कोर्स चालूच राहायला हवेत. व्हिसा देताना ज्याला तपासायचं त्याला तपासा, लष्करी संशोधनवाल्याला अडवा, पण विहिरीतलं नायट्रेट मोजायला येणाऱ्या शहर पातळीवरच्या अधिकाऱ्याला एकाच झाडूने बाहेर लोटू नका. कोर्सही बदलावा. दोन आठवडे लॅबमध्ये मशिनं दाखवण्यापेक्षा दोन आठवडे काउंटीच्या ऑफिसात बसवा. लोकांचे रागावलेले फोन कोण उचलतं, खराब आकडा आल्यावर पत्रकाराला कोण उत्तर देतं, ते बघू द्या. आणि शेवटच्या दिवशी प्रमाणपत्राबरोबर फोटो काढण्याऐवजी पाहुण्यांना विचारा, आमच्यात काय चुकतंय?

हे सगळं मला इतकं का लागतं? मी चंद्रपूरची. वाळत घातलेले कपडे झटकून घडी घालायचे, हे आमच्याकडे लहानपणीच शिकवतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या प्रदूषित औद्योगिक भागांची यादी काढली, त्यात चंद्रपूर चौथं होतं, १०० पैकी ८३.८८ गुण. आयुष्यात आमच्या गावाला इतके मार्क दुसऱ्या कशात मिळाले नसतील!

ते बसमधले सर अजून अधूनमधून मेसेज करतात. ते आता त्यांच्या शहरात दर आठवड्याला हवेचा आकडा आणि दवाखान्यात धाप लागून आलेल्यांचा आकडा एका तक्त्यात मांडतात. तक्ता अजून लोकांपर्यंत जात नाही, वरिष्ठांपर्यंत जातो. ‘‘अर्धी विहीर झाली,’’ असं ते म्हणतात. मागच्या महिन्यात त्यांनी विचारलं, तुझ्या गावाचा तक्ता पाठव, शेजारी ठेवून बघू. हवेचा आकडा मला मोबाइलवर लगेच मिळाला. दवाखान्याचा शोधतेय. दोन ऑफिसांत फोन केले. दुसऱ्या ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं, ‘‘पण मॅडम, तुम्हाला हे कोणी मागायला सांगितलं?’’