स्मृतिचिन्हामागचे नाव

आपल्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांना बिदरीची वस्तू देण्याचा प्रघात आहे. तिच्यावर संस्थेचे नाव असते. कारागिराचे मात्र नसते. हे मला खटकते.

जस्त व तांब्याच्या मिश्रधातूची वस्तू ओतायची, नक्षी कोरून तीत चांदीची तार ठोकून बसवायची, मग बीदरच्या किल्ल्यातील माती आणि नवसागर यांच्या द्रावणात ती काळीभोर करायची. चांदी तेवढी उजळ राहते. ही रीत बहमनी काळापासूनची. हुक्क्याचे पात्र, पानदान, सुरई यांचे दिवस सरले. आज त्याच हातांतून दागिने आणि मेजावरच्या वस्तू घडतात. रूप नवे, रीत पूर्वजांची. परंपरा जिवंत राहते ती अशीच.

२००६ साली बिदरीला भौगोलिक मानांकन लाभले. २०२३ साली शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. इतर कारागीर मात्र आपल्यासाठी अनामिकच आहेत.

आपण औषधाच्या चिठ्ठीवर स्वाक्षरी करतो, कारण काम आपले असते. तोच न्याय त्यांना का नको? पुढील संमेलनापासून स्मृतिचिन्हामागे ते घडविणाऱ्याचे नाव कोरले जावे आणि नक्षीही त्यालाच ठरवू द्यावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.