शेत विकण्याआधी ईसीजी पाहा

गेल्या महिन्यात उंद्रीचे एक वयस्कर शेतकरी मुलासह माझ्याकडे आले होते. हृदय कमजोर, थोडे चालले की दम लागतो, पायावर सूज. शहरात त्यांना तीन तारांचा पेसमेकर सुचवला होता. खर्च काही लाखांचा. मुलगा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, दीड एकर विकायला काढलंय. मशीन बसवलं की बाबा बरे होतील ना?"

मी आधी ईसीजी मागितला. जाडजूड फायलीत तो सर्वांत खाली, पुसट झालेला सापडला. खरे उत्तर त्या पट्टीवरच होते.

वाचकहो, हृदयाचा ठोका विजेच्या सूक्ष्म लहरीने पडतो. ही लहर उजव्या व डाव्या शाखेतून एकाच वेळी खालच्या दोन्ही कप्प्यांत पोचते. डावी शाखा बंद पडली, तर डाव्या कप्प्याची एक भिंत आधी व दुसरी उशिरा आकसते. जोडीतला एक बैल मागे राहिला की औत वाकडे जाते, तसेच हे. याला 'लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक' म्हणतात. तीन तारांचा पेसमेकर दोन्ही बाजूंना एकदम इशारा देऊन जोडी पुन्हा जुळवतो.

पण जोडी जुळलेलीच असेल आणि बैलच अशक्त असतील, तर हे यंत्र काय करणार?

ईसीजीवरील ठोक्याचा उंच भाग एरवी तीन बारीक चौकोनांच्या, म्हणजे १२० मिलिसेकंदांच्या आत असतो. डावी शाखा बंद आणि ही रुंदी १५० किंवा अधिक असेल, तर या उपचाराचा लाभ सर्वाधिक मिळतो. उजवी शाखा बंद असेल तर लाभ बराच कमी. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या 'एको-सीआरटी' अभ्यासात रुंदी १३० पेक्षा कमी असलेल्या ८०९ रुग्णांना हे यंत्र बसवले होते. निम्म्यांचे चालू ठेवले, निम्म्यांचे बंद. चालू असलेल्यांत ४५ जण दगावले, बंद असलेल्यांत २६. अभ्यास मधेच थांबवावा लागला.

याचा अर्थ यंत्र वाईट असा नव्हे. योग्य रुग्णाचा दम कमी होतो, आयुष्यही वाढते. अशांनी भीतीपोटी टाळाटाळ करू नये. ठोके फार मंदावल्यामुळे ज्यांना पेसमेकर लागतो, त्यांचा हिशेबही वेगळा आहे.

माझे म्हणणे एवढेच की, लाखांचा निर्णय घेण्याआधी डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारा. कोणती शाखा बंद आहे? रुंदी किती? औषधे पुऱ्या मात्रेत निदान तीन महिने घेऊन झाली का? असे विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे. आणि ईसीजीची झेरॉक्स काढून ठेवा, कारण त्या कागदावरील रेघा काळाने उडून जातात.

उंद्रीच्या बाबांची रुंदी जेमतेम १०० होती. दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांनीही पेसमेकर नको म्हटले व औषधांची मात्रा वाढवली. आजार गेलेला नाही, पण सूज उतरली आहे. आणि दीड एकर घरातच आहे.