हुकूम निघाले, हात कोठून येणार?

कॅनडातील ओन्टारिओ प्रांताच्या सरकारने २०२० साली, महामारी भरात असता, वृद्धांच्या शुश्रूषागृहांसाठी काढलेले दोन हुकूम एकत्र वाचले म्हणजे त्या कारभारातील विसंगती ध्यानी येते. मार्चमधील हुकुमाने चालकांना मोकळीक दिली: सेवकांच्या रजा रद्द कराव्या, त्यांना हव्या त्या कामावर नेमावे, कामगार-संघांशी झालेल्या करारांची पर्वा करू नये. एप्रिलच्या हुकुमाने सेवकांवर बंधन घातले: एका गृहात काम करणाराने दुसऱ्या गृहात पाऊल टाकू नये. रोगप्रतिबंधाच्या दृष्टीने हे बंधन रास्त होते, हे आम्ही निःसंकोचपणे मान्य करतो. परंतु या सेविका दोन-दोन गृहांचे उंबरे का झिजवीत होत्या? हौसेने खास नव्हे! पोटापुरते काम एका ठिकाणी मिळत नव्हते म्हणून. आणि ठेकेदार संस्थांमार्फत येणारे हंगामी सेवक मात्र या बंधनाबाहेरच राहिले. म्हणजे दार लावले आणि खिडकी सताड उघडी! ताशी ४ डॉलरची वाढ मिळाली, तीही अवघ्या १६ आठवड्यांपुरती.

अखेर लष्कराला पाचारण करावे लागले. पाच गृहांविषयीच्या त्याच्या अहवालात झुरळांचा सुळसुळाट आहे आणि मदतीसाठी टाहो फोडणारे वृद्धही आहेत. पहिल्या लाटेत कॅनडात झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे ८० टक्के अशाच निवासांतील होते. पुढे २०२१ च्या कायद्याने प्रत्येक वृद्धामागे रोज सरासरी ४ तासांच्या प्रत्यक्ष शुश्रूषेचे उद्दिष्ट ठरविले. मुदत मात्र मार्च २०२५ ची घातली.