टाकीतला शिंपला आणि त्याचं जेवण



कोकणात वाढलेल्यांना शिंपले काही नवीन नाहीत. पर आणि खवले नाहीत, म्हणून आपल्या चुलीवर तिसऱ्या आणि कालवं कधी चढली नाहीत. पण ओहोटी लागली की खाडीत टोपल्या घेऊन उतरणाऱ्या बायका आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. आज मात्र खायचा नाही, पाळायचा शिंपला. मुलांनो, हे तुमच्यासाठी आहे. आजी-आजोबांनी वाचून दाखवावं.

खाऱ्या पाण्याच्या फिशटँकसाठी दुकानात एक शिंपला मिळतो, नाव फ्लेम स्कॅलप. हा कॅरिबियन समुद्राकडचा. आतलं मांस लालभडक, कडेला लांब लांब धागे. घाबरला की शिंपा उघडमिट करून टुणटुण पोहत जातो. त्याच्या एका भाऊबंदाच्या ओठावर तर वीज चमकल्यासारखं दिसतं. ती वीज नसते बरं का. ओठाच्या कडेला वाळूच्याच जातीचे अतिसूक्ष्म गोळे असतात, त्यांवरून उजेड परततो आणि ओठ हलला की लकाकतो. असं काही पाहिल्यावर कुठलं मूल हट्ट धरणार नाही?

आता तो जेवतो कसा ते बघा. शिंपला माशासारखा तोंड मारून खात नाही. तो पाणी आत ओढतो. त्याच्या कल्ल्यांवर बारीक केस असतात, ते सारखे हलतात आणि पाण्यातले डोळ्याला न दिसणारे वनस्पतीचे कण गाळून तोंडाकडे सरकवतात. आपल्या पिठाच्या चाळणीसारखंच, फक्त ही चाळणी थांबत नाही. चांगल्या पाण्यात एक मोठं कालव दिवसाला 50 गॅलनपर्यंत पाणी गाळू शकतं.

समुद्रात हे अन्न आपोआप वाहत येतं. घरच्या टाकीत आपण काय करतो? फिल्टर लावतो, फेस काढणारा स्किमर लावतो आणि पाणी आरशासारखं लख्ख ठेवतो. माशांना ते छान. शिंपल्याच्या पुढे मात्र रिकामं ताट.

आणि तो लगेच मरत नाही, हीच खरी फसगत. अंगात साठवलेलं आधी वापरतो, मग स्वतःचं मांस झिजवतो. कवच बाहेरून तेवढंच दिसतं. काही महिन्यांनी एका सकाळी तो उघडा पडलेला सापडतो, आणि घरचे म्हणतात, कालपर्यंत तर ठीक होता! वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर मला हे वाक्य चांगलं ओळखीचं आहे.

ज्यांना पाळायचाच आहे त्यांनी एवढं पाळावं. टाकी निदान सहा महिने जुनी असावी. पाण्याचं विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या आसपास, तापमान 76 ते 78 फॅरेनहाइट, कॅल्शियम 400 ते 450 पीपीएम, अमोनिया शून्य. नळाचं पाणी तसंच घालू नये, आरओचं घ्यावं. माशांच्या आजारावरची तांब्याची औषधं त्या टाकीत कधीही नाहीत, माशाला उतारा पण शिंपल्याला विष. नवीन आणलेल्याला एकदम आत सोडू नये, तासभर थेंब थेंब टाकीचं पाणी द्यावं. सलाईन लावतो ना, तसंच. जेवण म्हणजे सूक्ष्म शैवालाचं द्रावण, थोडं थोडं आणि दिवसातून अनेक वेळा. त्या वेळी स्किमर बंद. एकदम जास्त ओतलं तर पाणी नासतं आणि सगळेच आजारी पडतात.

आमच्या रेडमंडच्या घरी नातवाने हा शिंपला मागितला तेव्हा मी त्याला हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. पेशंटचा चार्ट असतो तसा एक कागद दिला. रोज पाणी मोजून लिहायचं, आणि शेवटच्या रकान्यात "जेवण कोण देणार?" तासातासाने नाव घालायचं. शाळेच्या वेळेचे रकाने कोरेच राहिले. मग तोच म्हणाला, "आजी, आत्ता नको."

म्हणून आम्ही उन्हाळ्यात किनाऱ्यावर जातो. सीॲटलकडे तेव्हा मोठ्या ओहोट्या दिवसा येतात. कारकीक पार्कला किंवा अल्कीला सीॲटल ॲक्वेरियमचे स्वयंसेवक मुलांना सगळं दाखवून समजावतात. तिथे शिंपले आपापलं जेवतात, फुकट.

अर्थात समुद्रातही आता सगळं आलबेल नाही. 2007 च्या सुमारास शेजारच्या ओरेगॉनमधल्या व्हिस्की क्रीक हॅचरीत कालवांची पिल्लं धडाधड मरायला लागली. जंतूंचा संशय घेऊन झाला. शेवटी कळलं की दोष पाण्यात आहे. कोळशा-पेट्रोलच्या धुराचा कार्बन डायऑक्साइड समुद्र शोषून घेतो, पाणी आम्लाकडे झुकतं आणि कोवळ्या पिल्लांना कवच बांधता येत नाही. तेव्हापासून पाणी सतत मोजतात आणि लागेल तसा सोडा मिसळतात. 2012 मध्ये वॉशिंग्टनच्या गव्हर्नरांनी नेमलेल्या मंडळानेही याच प्रश्नावर अहवाल दिला. म्हणजे जाणत्यांनासुद्धा मोजल्याशिवाय कळलं नाही.

मुलांनो, मासा भुकेला असला की काचेजवळ येतो, मांजर ओरडतं. शिंपला काही मागत नाही, म्हणून त्याच्याकडे आपण होऊन बघावं लागतं. आपल्या मंडळींतही असे शिंपले आहेत. एकटे राहतात, फोनवर विचारलं की म्हणतात, "माझं छान चाललंय हो." त्यांना तब्येत कशी आहे असं विचारू नका. आज काय जेवलात ते विचारा, आणि शनिवार आटोपला की डबा घेऊन जा. झाकण तिथेच उघडा आणि दोन घास बरोबर खा.